दुसऱ्या भागाला ताकद नको, अडचण हवी

मोठ्या बजेटचा विज्ञानपट गाजतो, काही वर्षांनी त्याचा दुसरा भाग येतो, तो पडतो, आणि लगेच वादाच्या दोन फळ्या उभ्या राहतात. एक फळी म्हणते, कॉम्प्युटर ग्राफिक्सचा अतिरेक झाला आणि स्टुडिओला पैशापलीकडे काही दिसत नाही. दुसरी म्हणते, चाहत्यांचं समाधान कोणीच करू शकत नाही. यंत्रमानव आणि राक्षसांची मारामारी बघायला आलात, मग खोली कसली शोधता? मार्च २०१८ मध्ये ‘पॅसिफिक रिम : अपरायझिंग’ आला तेव्हा हेच झालं, आणि त्या चित्रपटाचा विषय निघाला की आजही हेच होतं. दोन्ही बाजू भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्राफिक्स किती वापरले हा मुद्दा नाही, चाहते किती हट्टी आहेत हाही नाही. पहिल्या भागाने आपल्या पात्रांवर आणि यंत्रांवर जी बंधनं घातलेली असतात, ती दुसरा भाग सोडून देतो आणि त्यांच्या जागी ताकद वाढवतो. या जातीचे चित्रपट बहुतेकदा इथेच फसतात. जे थोडे दुसरे भाग काळाला पुरून उरले त्यांनीही पैसा वाढवला, शस्त्रं वाढवली, पण त्यासोबत एक नवी अडचण स्वतःहून ओढवून घेतली.

पहिल्या ‘पॅसिफिक रिम’मध्ये (२०१३, दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो) प्रशांत महासागराच्या तळाशी भेग पडते, तिच्यातून कायजू नावाचे अवाढव्य प्राणी येतात आणि माणसं त्यांच्याशी लढायला येगर नावाचे यंत्रमानव बांधतात. एवढी कल्पना कोणालाही सुचेल. चित्रपट उभा आहे तो पुढच्या अटीवर. येगर चालवण्याचा भार एका मेंदूला पेलत नाही, म्हणून दोन चालक लागतात. आणि दोघांचे मेंदू जोडले गेले की एकमेकांच्या आठवणी एकमेकांपुढे उघड्या पडतात. त्यातला एक जण स्वतःच्या आठवणीमागे धावत सुटला तर यंत्र हाताबाहेर जातं. आता या एका अटीतून काय काय निघतं ते बघा. अलास्काच्या समुद्रात नायक रॅलीच्या भावाला, म्हणजे त्याच्या जोडीदार चालकाला, कॉकपिटमधून उपटून नेलं जातं तेव्हा दोघांचे मेंदू जोडलेले असतात. म्हणजे भावाचं मरण रॅलीने नुसतं पाहिलेलं नाही, ते त्याच्या आतून गेलेलं आहे. मग अर्धमेलं यंत्र एकट्याने किनाऱ्यापर्यंत आणताना तो स्वतःही संपत आलेला असतो. रॅलीची नवी जोडीदार माको मोरी पहिल्याच जोडणीत लहानपणच्या तोक्योत जाऊन पोचते, हातात लाल बूट धरून रडत पळणारी मुलगी होते, आणि इकडे खऱ्या तळावर, माणसांच्या गर्दीत, येगरची तोफ पेटायला लागते. भावनेसाठी वेगळा प्रसंग आणि मारामारीसाठी वेगळा, अशी वाटणी करायची लेखकाला गरजच उरत नाही. पात्राचं दुःख आणि यंत्राचा बिघाड ही एकच घटना होते.

‘अपरायझिंग’ची गोष्ट दहा वर्षांनंतरची आहे, आणि दिग्दर्शक आहेत स्टीव्हन एस. डीनाइट. यात अमारा नावाची किशोरवयीन मुलगी भंगारातून छोटा येगर बनवते आणि एकटीच चालवते. आकार लहान म्हणून एक मेंदू पुरतो, हे एकवेळ मान्य करू. पण पुढे दूरवरून चालणारे ड्रोन येगर येतात, म्हणजे चालकाने जीव धोक्यात घालण्याचाच प्रश्न बाजूला पडतो. सरावात अमाराला आठवणींचा त्रास होतो, तिथे क्षणभर वाटतं की जुना नियम जागा आहे. शेवटच्या लढाईत नायक जेकचा जोडीदार चालक नेट जखमी होतो आणि ती ऐन वेळी त्याच्या जागी जेकसोबत उभी राहते, तेव्हा त्या त्रासाचा मागमूस नसतो. जोडणी झाली, चला लढायला. पहिल्या भागात जी गोष्ट नात्याची परीक्षा होती ती इथे गाडीची किल्ली फिरवण्याइतकी सोपी होऊन बसली आहे. आणि या भागातल्या मुख्य येगरच्या, जिप्सी अ‍ॅव्हेंजरच्या हातात काय दिलं? गुरुत्वाकर्षणाने आख्ख्या इमारती ओढून शत्रूवर पाडणारं यंत्र. ते कधी वापरता येतं, कधी येत नाही, वापरल्यावर कशाची किंमत मोजावी लागते, हे चित्रपट सांगत नाही. मग ते पहिल्या मिनिटाला का वापरत नाहीत, या प्रश्नाला उत्तर राहत नाही, आणि उत्तर नसलेल्या लढाईत धाकधूक कुठून येणार?

आता वजनाकडे वळू, कारण ‘हा चित्रपट खेळण्यांचा वाटतो’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिचं कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या भागातला मुख्य येगर जिप्सी डेंजर, त्याची चित्रपटाने ठरवलेली उंची ७९ मीटर आहे. माणूस पावणेदोन मीटरचा धरला तर हे यंत्र ४५ पट उंच झालं. चालताना पाय लोलकासारखा झुलतो, आणि लोलकाला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ४५ चं वर्गमूळ साधारण ६.७. माणूस अर्ध्या सेकंदाला एक पाऊल टाकत असेल तर या यंत्राने सव्वातीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ घ्यायला हवा. तो पडद्यावर एका सेकंदात पाऊल टाकायला लागला, की हिशेब उलटा करून बघा : एवढ्या वेगाने चालणारी आकृती सात मीटरची असते. मागे गगनचुंबी इमारती कितीही उभ्या करा, हालचाल सांगते की हा सात मीटरचा आहे आणि इमारती बाहुल्यांच्या घराएवढ्या आहेत. प्रेक्षकाला वर्गमूळ काढायची गरज नसते. आयुष्यभर पडणाऱ्या वस्तू, हलणारी झाडं, चालणारी जनावरं बघून हा हिशेब डोळ्यात मुरलेला असतो. कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी, लहान प्रतिकृती वापरून चित्रपट करणारे तंत्रज्ञ हाच नियम पाळत होते. बाराव्या हिश्श्याची इमारत कोसळताना दाखवायची तर सेकंदाला २४ ऐवजी निदान ८३ फ्रेम घ्यायच्या, कारण १२ चं वर्गमूळ जवळजवळ साडेतीन. आग आणि पाणी असेल तर त्याहून जास्त, कारण थेंबांचा आणि ज्वाळांचा आकार लहान करता येत नाही.

पहिल्या भागाने हा नियम तंतोतंत पाळला का? नाही. प्रत्येक पावलाला सव्वातीन सेकंद दिले असते तर लढाई बघवली नसती. त्यांनी वेग वाढवला, पण वाढवलेल्या वेगाचं कारण पडद्यावर ठेवलं. जिप्सी डेंजरला जोरात ठोसा मारायचा असतो तेव्हा त्याच्या कोपरामागचं रॉकेट पेटतं. हात आपोआप झपकन जात नाही, त्याला ढकलावं लागतं. शिवाय पाणी आहे. ७९ मीटरवरून सुटलेल्या थेंबाला, हवेचा अडथळा सोडला तरी, खाली यायला चार सेकंद लागतात. समुद्रातून उठणाऱ्या येगरच्या खांद्यावरून ओघळणारं पाणी बराच वेळ खाली पडतच राहतं आणि ते प्रत्येक शॉटमध्ये उंची मोजून देतं. हाँगकाँगच्या लढाईतला एक क्षण तर अभ्यासक्रमात लावावा असा आहे. जिप्सी डेंजरचा ठोसा चुकतो आणि मूठ एका कार्यालयाच्या इमारतीत घुसते. टेबलं, विभाजक भिंती, खुर्च्या उधळत ती पुढे सरकते, तिचा जोर संपत येतो, आणि एका टेबलावर ठेवलेल्या, दोऱ्यांना टांगलेल्या धातूच्या गोळ्यांच्या खेळण्याला तिचा अगदी हलका धक्का लागतो. गोळे टकटक करत झुलायला लागतात. मूठ मागे निघून जाते. दोन-चार सेकंदांचा प्रसंग, पण त्यात माणसाचं टेबल आणि ७९ मीटरचं यंत्र एकाच चौकटीत आहेत, आणि दोघांच्या हालचालीचा वेग वेगवेगळा आहे.

यावर विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा, की पहिला भागही शास्त्राच्या कसोटीवर पोरकटच होता. हा मुद्दा खरा आहे आणि तो पुरा मान्य करायला हवा. जिप्सी डेंजरचं अधिकृत वजन १,९८० टन. माणसाच्या आकाराचं शरीर ४५ पट उंच केलं की घनफळ ९१ हजार पटींनी वाढतं, म्हणजे ते पूर्ण बुडालं तर सात हजार टनांच्या आसपास पाणी बाजूला सारेल. १,९८० टनांची वस्तू सात हजार टन पाणी सारणार असेल तर ती बुडणारच नाही, तरंगेल. तो समुद्रात पाय रोवून उभा राहतो हेच मुळात अशक्य. त्याला उचलून नेणारी हेलिकॉप्टर आठ धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला २४७ टन येतात. प्रत्यक्षात एमआय-२६ हे नियमित उत्पादनातलं सगळ्यात मोठं हेलिकॉप्टर सुमारे २० टन उचलतं. तेव्हा पहिला भाग शास्त्रशुद्ध होता म्हणून चांगला होता, असं म्हणणाऱ्या चाहत्यांनी ते म्हणणं सोडून द्यावं. पण यातून ‘मग दुसऱ्याला का बोलता’ हा निष्कर्ष निघत नाही. कथेला निसर्गाचे नियम पाळायचे नसतात, स्वतः घातलेले पाळायचे असतात. येगर जड आहे, तो चालवणं माणसाला झेपत नाही, त्याला लागलेला मार चालकाला लागतो : हे पहिल्या भागाने पंधरा-वीस मिनिटांत सांगितलं आणि शेवटपर्यंत मोडलं नाही. पुराणकथेतला वरही अटीसकट मिळतो आणि सगळी गोष्ट त्या अटीभोवती फिरते. हिरण्यकशिपूला दिवसा किंवा रात्री, घरात किंवा बाहेर मरण नाही, म्हणून संध्याकाळ आणि उंबरठा यांना अर्थ येतो. मधेच अट विसरली तर नरसिंहाची गरज काय?

दिवसाउजेडाचा मुद्दाही इथेच निकाली काढू. पहिल्या भागावर तक्रार होती की सगळं रात्री, पावसात घडतं आणि नीट दिसत नाही. दुसऱ्या भागाने ती ऐकली आणि तोक्योतली शेवटची लढाई भर उन्हात घेतली. प्रेक्षकाचं ऐकलं म्हणून त्यांना दोष देता येणार नाही, आणि उजेडात काही लपवता येत नसल्याने तंत्रज्ञांचं काम सोपंही झालं नसणार. पण पावसाबरोबर त्यांनी मोजपट्टी फेकून दिली आणि तिच्या जागी दुसरी आणली नाही. कोरड्या शहरात ती करता आली असती. दोनशे मीटरच्या इमारतीच्या माथ्यावरून निसटलेली काच खाली यायला सहा सेकंदांहून जास्त वेळ घेते. शॉट तितका धरला तर उंची कळते. दोन सेकंदांत कट केला तर मलबा कधी खाली पोचतच नाही, आणि इमारती पुठ्ठ्याच्या वाटायला लागतात. त्यात सगळे रहिवासी आधीच जमिनीखालच्या आसऱ्यात गेलेले. म्हणजे पडणाऱ्या इमारतीखाली कोणी नाही. टेबलावरच्या त्या गोळ्यांसारखी एकही मानवी मापाची वस्तू लढाईच्या मधे येत नाही.

आता उलट उदाहरणं घेऊ, नाहीतर हे सगळं एका चित्रपटावरचा राग ठरेल. जेम्स कॅमेरॉनचा पहिला ‘टर्मिनेटर’ (१९८४) साठ-पासष्ट लाख डॉलरांत झाला होता. दुसरा भाग १९९१ मध्ये आला तो सुमारे दहा कोटी डॉलरांचा, त्या काळातल्या सर्वांत महागड्या चित्रपटांपैकी एक. पैशाची हाव, मोठं बजेट, कॉम्प्युटरची नवी करामत, ज्या ज्या गोष्टींवर आज सीक्वेलच्या अपयशाचं खापर फुटतं, त्या सगळ्या तिथे होत्या. मग तो का टिकला? त्यात काय वाढवलं ते नीट बघा. मारेकरी यंत्र आता रक्षक झालं आहे, आणि ज्याचं रक्षण करायचं तो दहा वर्षांचा जॉन त्याच्याकडून कबूल करून घेतो की तो कोणालाही ठार मारणार नाही. मारण्यासाठीच बनवलेल्या यंत्राला न मारण्याची अट! तिथून पुढे प्रत्येक मारामारी अवघड होऊन बसते. सायबरडाइन कंपनीच्या इमारतीत तो खिडकीत उभा राहून मोठी मशीनगन चालवतो, खाली पोलिसांच्या गाड्यांची चाळण होते, आणि मग त्याच्या नजरेतून दिसणाऱ्या आकडेवारीत मनुष्यहानी शून्य येते. धडाका पहिल्या भागापेक्षा कितीतरी मोठा, पण त्या धडाक्याच्या बरोबर मधोमध एक बंधन बसलेलं आहे. शत्रू टी-१००० या रक्षकाहून चपळ आणि न तुटणारा, म्हणजे नायक जुना आणि कमकुवत. आणि ज्या द्रवधातूच्या दृश्यांसाठी हा चित्रपट ओळखला जातो, ती कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं दोन तासांहून मोठ्या चित्रपटात जेमतेम पाच मिनिटांची आहेत.

‘एलियन्स’ (१९८६) हा तर दुसऱ्याच दिग्दर्शकाने केलेला दुसरा भाग. पहिला रिडली स्कॉटचा होता. ‘मूळ दिग्दर्शक गेला म्हणून वाट लागली’ हा युक्तिवाद इथे थांबतो. देल तोरो ‘अपरायझिंग’चे केवळ एक निर्माते राहिले हे खरं, पण दिग्दर्शक बदलणं हे स्वतः कारण होत नाही. कॅमेरॉनने एका प्राण्याच्या जागी प्राण्यांची झुंड आणली आणि त्यांच्यासमोर शस्त्रसज्ज सैनिकांची तुकडी उभी केली. मग पहिल्याच चकमकीआधी काय केलं? सैनिक अणुभट्टीच्या थंडाव्याच्या यंत्रणेखाली उभे आहेत, गोळी लागली तर सगळं उडेल, म्हणून त्यांच्या बंदुकांमधली काडतुसं काढून घ्यायला लावली. प्रेक्षकाला अर्धा तास शस्त्रं कौतुकाने दाखवायची आणि गरज पडली की ती हातातून काढून घ्यायची, हे धाडस साधं नाही. त्या भट्टीचा धोका पुढे मिटतही नाही. तोच शेवटच्या तासाची मुदत ठरवतो.

याच्या उलट बाजूला ‘द मेट्रिक्स रीलोडेड’ (२००३) ठेवा. इथे दोष आधीच्या भागाच्या शेवटात पेरला गेला होता : नायक निओ उडू शकतो, गोळ्या थांबवू शकतो, नियम त्याला लागूच होत नाहीत. पहिल्या चित्रपटाचा शेवट म्हणून ते भव्य होतं. दुसऱ्याची सुरुवात म्हणून तो सापळा होता, आणि त्यातून बाहेर यायला निओवर नवं बंधन घालायला हवं होतं. तसं न करता त्याचा शत्रू स्मिथ याच्या शंभरेक प्रती त्याच्यावर सोडल्या. तो प्रसंग तांत्रिकदृष्ट्या आपल्या काळाच्या पुढे होता. माणसाचा आख्खा डिजिटल चेहरा उभा करायचा प्रयत्न त्यात होता. पण मिनिटामागून मिनिटं लढल्यानंतर निओ सरळ उडून जातो. उडून जाता येत होतं तर लढला कशासाठी? त्याच चित्रपटातला महामार्गावरचा पाठलाग मात्र आजही श्वास रोखायला लावतो. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथल्या जुन्या नौदल तळावर जवळजवळ अडीच किलोमीटरचा रस्ता बांधला होता, हे लोक आवर्जून सांगतात. पण रस्ता खरा होता एवढ्यानेच तो प्रसंग जमलेला नाही. अगदी शेवटचा क्षण सोडला तर निओ तिथे नाही म्हणून तो जमला आहे. त्याचे साथीदार ट्रिनिटी आणि मॉर्फियस मरू शकतात, महामार्गावर जाणं म्हणजे आत्महत्या हे आधी बजावलेलं आहे, आणि सोबत लढता न येणारा एक माणूस जपून न्यायचा आहे. एकाच चित्रपटात, त्याच लोकांनी, त्याच पैशाने केलेले दोन प्रसंग. एक बंधनाचा, एक ताकदीचा. याहून स्वच्छ तुलना मिळणं कठीण आहे.

आकारमान वाढवण्याच्या हव्यासाचं टोक गाठलं ‘इंडिपेंडन्स डे : रिसर्जन्स’ने (२०१६). १९९६ च्या पहिल्या भागात शहरावर येऊन थांबणारं यान सुमारे २४ किलोमीटर रुंद होतं. रस्त्यावरचा माणूस मान वर करतो, सावली इमारतींवरून सरकत येते, शहर झाकलं जातं. हे डोळ्यात मावतं. दुसऱ्या भागात यान जवळजवळ ४,८०० किलोमीटर रुंद केलं, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं. एवढी वस्तू जमिनीवर उभ्या माणसाला दिसूच शकत नाही, तो फक्त अंधार झालेला पाहील. दोनशे पट मोठं केल्यावर भीती दोनशे पट वाढेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात भीतीला धरायला काठच उरला नाही.

मग बंधन घातलं की चित्रपट तरतो का? इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारं उदाहरण आहे आणि ते टाळता येणार नाही. ‘एलियन ३’ (१९९२) मध्ये कैद्यांच्या ग्रहावर एकही बंदूक नाही. बंधन यापेक्षा कडक काय असणार? तरीही तो चित्रपट बहुसंख्य चाहत्यांच्या मनातून उतरला, आणि डेव्हिड फिंचर या दिग्दर्शकाने त्याच्याशी नातं तोडलं. कारण बंधन घालायच्या आधीच त्याने मागच्या भागात मोजलेली किंमत पुसून टाकली. नायिका रिप्लीने ‘एलियन्स’मध्ये जिवावर उदार होऊन ज्या न्यूट नावाच्या मुलीला वाचवलं, तिला सुरुवातीच्या काही मिनिटांतच, झोपेत, अपघातात मारलं. तिच्यासोबत वाचलेल्या हिक्स या सैनिकालाही. ज्याच्यासाठी प्रेक्षकाने आधी दोन तास जीव मुठीत धरला ते फुकट गेलं, असं सांगून नवी गोष्ट सुरू करता येत नाही. ‘अपरायझिंग’मध्ये माको मोरीचं असंच झालं. पहिल्या भागाचा अर्धा भार तिच्या खांद्यावर होता. दुसऱ्यात सिडनीतल्या हेलिकॉप्टर अपघातात ती जाते आणि तिचं मरण जेकला लढायचं कारण देण्यापुरतं उरतं. मरण दाखवायला हरकत नव्हती. पण ज्या माणसाने जगाला वाचवलं त्याचं मरण त्याच्या कर्तृत्वाच्या मापाचं असावं, ही अपेक्षा हट्टी चाहत्यांची नाही, ती साधी वाजवी अपेक्षा आहे.

‘पहिल्याची नवलाई दुसऱ्याला कशी येणार’ हा मुद्दा मला फारसा पटत नाही. लोक पहिला भाग पाचव्यांदा बघतात तेव्हा कोणती नवलाई असते?

धंद्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पहिला ‘पॅसिफिक रिम’ सुमारे १९ कोटी डॉलरांत झाला आणि जगभरात ४१ कोटींच्या आसपास कमाई झाली. त्यातली अमेरिकेतली सुमारे १० कोटी, चीनमधली त्याहून जास्त, ११ कोटींच्या पुढे. तिकीट खिडकीवरचा पैसा अर्धाअधिक चित्रपटगृहांकडे जातो, आणि चीनमध्ये परदेशी चित्रपटाच्या निर्मात्याला साधारण २५ टक्केच मिळतात. म्हणजे ४१ कोटी दिसायला मोठे, हातात पडायला कमी. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या वांडा समूहाने लेजंडरी ही ‘पॅसिफिक रिम’ची निर्मिती कंपनी साडेतीन अब्ज डॉलरांना घेतली. अशा स्थितीत खर्च आटोक्यात ठेवून तरुण, जागतिक प्रेक्षकासाठी सोपा, वेगवान चित्रपट करणं हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. पण तो निर्णय फळला का? ‘अपरायझिंग’ची जगभरची कमाई २९ कोटींच्या आसपास थांबली, अमेरिकेत ती सहा कोटींवर आली, आणि ज्या चीनसाठी एवढा आटापिटा केला तिथेही ती पहिल्यापेक्षा कमीच राहिली. बंधन काढून टाकणं ही धंद्याची गरज होती असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावं. अर्थात कमाई हा दर्जाचा पुरावा नव्हे. ‘ब्लेड रनर २०४९’ला (२०१७) छायाचित्रण आणि दृश्यपरिणामांची ऑस्कर मिळाली, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि तिकीट खिडकीवर तो अपेक्षेइतका चालला नाही, उलट ‘रीलोडेड’ने ७० कोटी डॉलरांहून जास्त मिळवले.

खरा गुंता कामाच्या पद्धतीत आहे, आणि ग्राफिक्सला शिव्या देणाऱ्यांना तो ठाऊक असता तर त्यांनी तिथल्या कामगारांना बोल लावला नसता. अशा चित्रपटात आधी प्रदर्शनाची तारीख जाहीर होते. पटकथा चालूच असते, आणि तेवढ्यात मारामारीच्या प्रसंगांचे कच्चे अ‍ॅनिमेटेड आराखडे बनायला लागतात. चित्रीकरणानंतर प्रत्येक शॉट एका साखळीतून जातो : कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरवर जुळवणं, मग यंत्राचं अ‍ॅनिमेशन, त्यावर पाणी, धूर, मलबा यांचं सिम्युलेशन, मग प्रकाशयोजना, रेंडर म्हणजे कॉम्प्युटरकडून अंतिम प्रतिमा काढून घेणं, आणि शेवटी सगळे थर एकत्र करणं. यंत्राचं पाऊल जरा सरकवलं की त्याखालचं पाणी, धूर, सावली सगळं पुन्हा करावं लागतं. दृश्यपरिणाम करणाऱ्या (व्हीएफएक्स) कंपन्यांनी काम बहुधा ठरलेल्या रकमेत घेतलेलं असतं, त्यामुळे स्टुडिओने मत बदललं तर भुर्दंड कंपनीला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऱ्हिदम अँड ह्यूज ही नावाजलेली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात तिच्या ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या कामाला ऑस्कर मिळालं. कामाचा दर्जा आणि कामाची व्यवस्था यांचा संबंध किती तुटलेला आहे हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

या पद्धतीत बंधन टिकत नाही आणि ताकद वाढत जाते, याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. ताकद शेवटच्या सहा महिन्यांतही चिकटवता येते. नवं शस्त्र, आणखी एक राक्षस, तीन राक्षस मिळून एक महाराक्षस, हे सगळे सुटे शॉट आहेत. बाकीची गोष्ट न हलवता आत घालता येतात. बंधनाचं तसं नाही. ‘कोणाला मारायचं नाही’ ही अट घातली की ती पुढच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक गोळीवर, प्रत्येक संवादावर परिणाम करते. ती पहिल्या खर्ड्यातच असावी लागते. ‘एलियन ३’चं १९९१ मधलं टीझर गोष्ट पृथ्वीवर घडणार असं सुचवत होतं; चित्रपट आला तेव्हा पृथ्वी त्यात नव्हती. जिथे गोष्टीची जागाच ठरलेली नाही तिथे अट कशी ठरणार? म्हणून स्टुडिओने ग्राफिक्स कमी करावेत ही मागणी मला निरुपयोगी वाटते. मागणी करायचीच तर ही करावी, की तारीख जाहीर करण्याआधी पटकथा पूर्ण असावी, आणि आराखडे बनवणाऱ्या अ‍ॅनिमेटरच्या हातात शस्त्रांच्या यादीसोबत यंत्राला काय जमत नाही याचीही यादी असावी.

‘अपरायझिंग’च्या अखेरीस जेक कैदेतल्या न्यूट या शास्त्रज्ञाला (‘एलियन्स’मधल्या मुलीशी फक्त नाव जुळतं) बजावतो की आता आम्हीच कायजू पाठवणाऱ्यांच्या जगावर चालून जाणार. तो तिसरा भाग झाला नाही. त्या जगात पाय ठेवणं मात्र पहिल्या भागाने आधीच एकदा दाखवलेलं आहे. भेग कायजूशिवाय कोणाला आत घेत नाही, म्हणून जिप्सी डेंजरला मेलेल्या कायजूला कवटाळून तळाशी उडी घ्यावी लागते. माकोचा प्राणवायू संपलेला, रॅली स्वतःचा तिला देऊन तिला वर पाठवतो, स्फोटाची यंत्रणा बिघडलेली असल्याने ती हाताने चालू करावी लागते, आणि त्या अनोळखी जगात त्याच्याकडे मोजून काही क्षण असतात.